नसेच्या भिंतीतले कॅल्शियम खरवडणारी उपकरणे : अँजिओग्राफीच्या रिपोर्टपासून घरी परतेपर्यंत

"ब्लॉक आहे हे समजले, स्टेंट टाकणार हेही समजले, पण मध्येच हे ड्रिल कशाला?" हा प्रश्न मला कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटची कामे होतात त्या खोलीच्या, दाराबाहेर सुरगाण्याच्या, निफाडच्या, मालेगावच्या आणि आपल्या सिडकोतल्या माणसांनीही विचारला आहे. बहुतेक वेळा तो विचारला जातो तेव्हा रुग्ण आत टेबलावर झोपलेला असतो, संमतिपत्रावर सही झालेली असते आणि उत्तर नीट ऐकून घेण्याइतके कोणाचेही मन थाऱ्यावर नसते. मी डॉक्टर नाही. मी नाशिकमध्ये कॅथलॅब तंत्रज्ञ म्हणून काम करतो, आणि डॉक्टर ज्या उपकरणाने नसेतला कठीण साठा झिजवतात ते जोडून, तपासून त्यांच्या हाती देणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. उपचार कोणता करायचा हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. ते कशावरून ठरवतात, कोणते उपकरण नेमके काय करते, आणि नातेवाइकांनी कोणत्या टप्प्यावर काय विचारायचे व काय सांभाळायचे, एवढे येथे क्रमाने लिहितो.

साठा कोठे असतो, हे आधी समजून घ्या

नळात गाळ साचतो तशी नसेत चरबी साचते, असे आपण सगळेच म्हणतो. ही उपमा समजायला सोपी असली तरी उपकरणांच्या बाबतीत ती दिशाभूल करते, कारण नळातला गाळ नळापासून वेगळा असतो आणि ब्रश फिरवला की नळ जसाच्या तसा उरतो. नसेतला साठा मात्र भिंतीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच वाढतो. त्यात चरबी असते, तंतूंचे जाळे असते, आणि वर्षे गेली की त्यात कॅल्शियमचे क्षार बसून काही ठिकाणी तो हाडासारखा कडक होतो. म्हणजे खरवडायचे ते भिंतीलाच, आणि तेही बाहेरचा थर शाबूत ठेवून. हृदयाची नस साधारण अडीच ते साडेतीन मिलिमीटर रुंद असते आणि ती दर ठोक्याला हलत असते, एवढे लक्षात घेतले तर या उपकरणांमध्ये एवढी सावधगिरी का आहे ते आपोआप कळेल.

वाढते वय, जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार, विशेषतः डायलिसिस, या तीन गोष्टींमध्ये कॅल्शियम जास्त आढळते. ताजी रक्ताची गुठळी हा वेगळा प्रकार आहे. गुठळी मऊ असते आणि ती औषधाने विरघळवतात, नळीने ओढून घेतात किंवा हातापायाच्या नसेत असेल तर फोगार्टी बलूनने, म्हणजे गुठळीपलीकडे फुगवून मागे ओढायच्या फुग्याने, बाहेर काढतात. खरवडणारे फिरते उपकरण ताज्या गुठळीवर चालवत नाहीत, कारण गुठळीचे तुकडे पुढे सरकून लहान नसा बंद होण्याचा धोका असतो. म्हणून "शेजारच्या आप्पांची नस सक्शनने साफ केली, मग आमच्या बाबांना रोटाचे ड्रिल का?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा एवढेच असते की दोघांच्या नसेत अडकलेली वस्तूच निराळी होती.

रिपोर्ट आणि सीडी हातात घ्या

अँजिओग्राफी झाल्यावर कागदाबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्हवर चित्रफीत मागून घ्या. कागदावर "एलएडीमध्ये ९० टक्के" असे लिहिलेले असते. एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाकडे उतरणारी डावी नस. या नोंदीवरून नस किती अरुंद झाली आहे ते कळते, पण ती कशाने अरुंद झाली आहे ते कळत नाही. त्यासाठी "सिव्हिअर कॅल्सिफिकेशन", "हेविली कॅल्सिफाइड" असे शब्द शोधा. चित्रफितीत रंगद्रव्य (एक्स-रेवर नस दिसावी म्हणून सोडतात ते औषध) सोडण्याआधीच नसेच्या दोन्ही कडांना रुळांसारख्या काळसर रेषा हलताना दिसत असतील, तर कॅल्शियम चांगलेच आहे असे समजायला हरकत नाही.

तरीही एक्स-रेची ही सावली पुरेशी नसते. कॅल्शियम किती जाड आहे आणि नसेला किती वेढून बसले आहे हे पाहायला नसेच्या आतून पाहणारा कॅमेरा लागतो. तो दोन प्रकारचा असतो : ध्वनिलहरींवर चालणारा आयव्हस आणि प्रकाशावर चालणारा ओसीटी. दोन्ही बारीक कॅथेटरच्या टोकावर बसवलेले असतात आणि नसेचा आडवा छेद पडद्यावर दाखवतात. ओसीटीवर कॅल्शियमचा वेढा अर्ध्या वर्तुळापेक्षा, म्हणजे १८० अंशांपेक्षा जास्त, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त आणि लांबी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तेथे थेट ठेवलेला स्टेंट पुरता उघडणार नाही अशी शक्यता मोठी असते. अर्धवट उघडलेला स्टेंट ही पुढे गुठळी होण्याची किंवा नस पुन्हा अरुंद होण्याची सोय असते. एकदा तो धातू तेथे बसला की मागे फिरता येत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या सगळ्या प्रवासात नातेवाइकांनी विचारण्याजोगा सर्वांत मोलाचा प्रश्न येथेच आहे : "डॉक्टर, आतून कॅमेऱ्याने पाहणार आहात का?" काही वेळा नस इतकी चिंचोळी असते की कॅमेराच आत जात नाही, आणि कॅमेरा किंवा नस रुंद करण्यासाठी आत फुगवायचा लहान बलूनसुद्धा पुढे सरकत नाही हेच खरवडण्याचे कारण ठरते. ते कारण डॉक्टर तुम्हाला दोन वाक्यांत सांगतील. प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावत नाही.

उपकरणांची ओळख

सर्वांत जास्त नाव ऐकू येते ते रोटाचे. पूर्ण नाव रोटाब्लेटर. अमेरिकेत डेव्हिड ऑथ यांनी ही कल्पना विकसित केली आणि १९९३ साली तेथील औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. त्याच्या टोकाला ऑलिव्हच्या बीच्या आकाराचा, निकेलचा मुलामा दिलेला पितळी बर, म्हणजे फिरून झिजवणारे टोक, असतो. सर्वांत लहान बर सव्वा मिलिमीटरचा आणि सर्वांत मोठा अडीच मिलिमीटरचा. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्याचे सुमारे २० मायक्रॉनचे कण बसवलेले असतात, मागचा अर्धा भाग गुळगुळीत असतो. बर मिनिटाला साधारण १,४०,००० ते १,८०,००० फेरे घेतो, आणि तो फिरतो दाबाखालच्या वायूवर चालणाऱ्या टर्बाइनने.

अंबडच्या एका कारखान्यात धातू कापणारे व्हीएमसी मशीन चालवणारा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. मी कागदावर बरचे चित्र काढून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "हा तर आमच्या डाय ग्राइंडरचा डायमंड बर." मी म्हणालो, जवळजवळ तोच. सिलिंडरमधून येणारा नायट्रोजनही साधारण तुमच्या शॉपच्या कॉम्प्रेसर लाइनइतक्याच दाबाने, सुमारे ७ किलोने येतो, फक्त फेरे कितीतरी पट जास्त. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग फीड किती ठेवता?" फीड म्हणजे हत्यार किती वेगाने पुढे सारायचे ते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या माणसाने विचारावा असाच हा प्रश्न होता, आणि या उपकरणाची सगळी कला त्याच प्रश्नात आहे. बर दाबायचा नसतो. तो कॅल्शियमला हलकेच टेकवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा टेकवायचा, पक्षी दाणा टिपतो तसा. दाबून पुढे ढकलला तर तो न झिजवताच अरुंद जागेतून पलीकडे निसटू शकतो, आणि मागची बाजू गुळगुळीत असल्याने परत येताना त्याला वाट कापता येत नाही. बर असा अडकला तर प्रसंगी शस्त्रक्रियेपर्यंत जावे लागते.

मऊ भिंत सोडून कडक भाग तेवढाच कसा कापला जातो, याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. जायफळ किसणीवर घासले तर त्याची पूड पडते, पण तीच बारीक किसणी फुगवलेल्या फुग्यावर हलकेच फिरवली तर फुगा दबतो आणि बाजूला होतो. निरोगी भिंतीत लवचिकपणा असतो, म्हणून ती हिऱ्याच्या कणांपुढे मागे सरते, आणि कॅल्शियम सरकू शकत नाही म्हणून झिजते. अर्थात हा फरक पूर्ण भरवशाचा नसतो. तीव्र वळणावर बर निरोगी बाजूलाही घासू शकतो आणि तेथे नसेला भोक पडण्याचा धोका वाढतो. पूड कोठे जाते, असेही विचारतात. बहुतेक कण तांबड्या रक्तपेशीएवढे किंवा तिच्याहून लहान असतात. ते केशवाहिन्यांमधून पार होतात आणि यकृत व प्लीहा यांतल्या पेशी ते उचलून घेतात. एकाच वेळी फार पूड झाली तर मात्र पुढचा रक्तप्रवाह मंदावतो. म्हणूनच एका वेळी बर १५ ते २० सेकंदच चालवतात आणि मध्ये थांबतात.

बर सर्वांत मोठा घेतला की काम चांगले, असा समज पूर्वी होता. आता नसेच्या रुंदीच्या साधारण निम्म्या मापाचा बर घेण्याकडे कल आहे, कारण उद्देश नस पूर्ण पोखरणे हा नाही. कॅल्शियमचे कडे पातळ करून ते मोडले की बलून फुगतो आणि स्टेंट नीट बसतो, एवढे पुरते.

दुसरा प्रकार ऑर्बिटल. यात हिऱ्याचे कण बसवलेला १.२५ मिलिमीटरचा मुकुट दांड्याच्या मध्यावरून किंचित बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे तो फिरताना स्वतःपेक्षा मोठे वर्तुळ आखतो. वेग मिनिटाला ८०,००० किंवा १,२०,००० फेऱ्यांचा. हृदयाच्या नसांसाठी अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. तो पुढे जाताना आणि मागे येताना दोन्ही वेळा झिजवतो.

शॉकवेव्ह हे खरवडणारे उपकरण नव्हे, पण त्याच कामासाठी वापरले जाते म्हणून त्याचे नाव येथे घेतलेच पाहिजे. मूतखडा फोडण्यासाठी जशा लहरी वापरतात तशाच लहरी येथे बलूनच्या आत निर्माण करतात. बलून जेमतेम ४ ॲटमॉस्फिअर दाबाने भिंतीला टेकवायचा, १० स्पंदने द्यायची, थोडे थांबायचे. हृदयाच्या नसेसाठीच्या मूळ बलूनमध्ये अशी एकूण ८० स्पंदने असत. त्यामुळे भिंतीत खोलवर बसलेल्या कॅल्शियमला तडे जातात, पण पूड बाहेर पडत नाही आणि साठा जागेवरच राहतो. अडचण एवढीच की बलून त्या जागेपर्यंत पोहोचला पाहिजे. जेथे तो पोहोचतच नाही तेथे आधी लहान बरने वाट करून मग शॉकवेव्ह, असेही करतात. याखेरीज बारीक पाती असलेला कटिंग बलून आणि ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर आहेत. लेझर मुख्यतः न उघडलेल्या जुन्या स्टेंटसाठी आणि वायर जाते पण काहीच पुढे सरकत नाही अशा जागांसाठी उपयोगी पडतो.

नवे आणि महाग म्हणजे चांगले, असे येथे मुळीच नाही. अमेरिकेत २,००५ रुग्णांवर झालेल्या एक्लिप्स या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यात सरसकट ऑर्बिटल उपकरण वापरून मग स्टेंट टाकणे आणि साध्या बलूनने तयारी करून स्टेंट टाकणे यांत वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. बलून पुरेसा फुगत असेल तर बलूनच पुरतो. तो फुगत नसेल किंवा पुढे जातच नसेल, तेव्हा या उपकरणांना पर्याय नसतो.

सहीपूर्वी विचारायचे आणि लिहून घ्यायचे

माझ्या एका मावसभावाच्या वेळी दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात रात्री अकरा वाजता इंग्रजी संमतिपत्र पुढे आले, सही झाली, आणि बर व त्याची वायर यांचा वेगळा खर्च दुसऱ्या दिवशी बिलावर दिसला. उपचार योग्यच होता, हे नंतर चित्रफीत पाहून मला पटले. पण ते घर कितीतरी महिने आपली फसवणूक झाली असे मानून राहिले, आणि दहा मिनिटांचे बोलणे आधी झाले असते तर ही कटुता आलीच नसती. म्हणून अँजिओग्राफीनंतर तातडीची स्थिती नसेल, तर संमतिपत्र मराठीत समजावून मागा आणि पुढच्या गोष्टी स्पष्ट विचारा : उपकरण लागणार हे आधीच ठरले आहे की आत गेल्यावर ठरेल, ते लागलेच नाही तर खर्च कसा बदलेल, आणि बायपास शस्त्रक्रिया हा तुमच्या रुग्णासाठी अधिक चांगला मार्ग आहे का. तीनही नसांत आजार असेल, किंवा डाव्या मुख्य नसेत असेल, तर शेवटचा प्रश्न टाळू नका.

फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारची कमाल मर्यादा आहे. ती स्टेंटपुरती आहे. बर, त्याची खास वायर, शॉकवेव्ह बलून यांची किंमत स्वतंत्र लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेत असाल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ठरावीक पॅकेजमध्ये हे उपकरण धरले आहे की नाही, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडून, पूर्वमंजुरीच्या वेळीच विचारा. त्याचे उत्तर तोंडी न ठेवता कागदावर घ्या. नाशिकच्या शालिमार भागातले विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हे हृदयविकाराच्या उपचारासाठीचे सरकारी ठिकाण आहे. खर्च झेपणार नसेल तर कर्ज काढण्याआधी तेथे एकदा फाइल दाखवून यावी.

आणखी एक गोष्ट. बर एकदाच वापरायचा असतो. पाकिटावरचे मापाचे व लॉट नंबरचे स्टिकर रुग्णाच्या फाइलमध्ये लावून त्याची प्रत मिळावी, असे आधीच सांगून ठेवा. स्टेंटच्या स्टिकरइतकेच हेही मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आदल्या दिवसाची तयारी

रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी, म्हणजे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, स्वतःच्या मनाने बंद करू नका. नातेवाईक "ऑपरेशन आहे ना, मग रक्त पातळ कशाला" असे म्हणून ती थांबवतात, आणि त्याने फार नुकसान होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन केव्हा थांबवायची आणि केव्हा सुरू करायची हे मात्र डॉक्टरांना विचारा, कारण रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, ताजा रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. डायलिसिस चालू असेल तर पुढची पाळी कोणत्या दिवशी आहे ते सांगा आणि फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली नस) असलेला हात दाखवून ठेवा, म्हणजे त्या हाताला कोणी सुई लावणार नाही.

अंड्याची किंवा ऑलिव्ह तेलाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. हे ऐकून लोक चकित होतात. बर घासू नये म्हणून जे वंगण काही ठिकाणी खाऱ्या पाण्यात मिसळतात त्यात हे दोन्ही घटक असतात, आणि ॲलर्जी आधी कळली तर ते वंगण टाळून काम करता येते.

कॅथलॅबच्या आत काय घडते

रुग्ण जागा असतो. मनगटाची किंवा जांघेची जागा बधिर करून तेथे शीथ नावाची छोटी नळी बसवतात. लहान बर मनगटातून जातो, मोठ्या बरला रुंद नळी लागते म्हणून कधी जांघ निवडावी लागते. हृदयाच्या उजव्या नसेवर काम करायचे असेल तर हृदयाची गती अचानक मंदावू शकते, त्यामुळे तात्पुरता पेसमेकर लावून ठेवतात किंवा औषध तयार ठेवतात. घाबरण्याचे ते कारण नाही, ही आधीची तयारी असते.

साध्या वायरवर बर चालत नाही. त्याची स्वतःची वायर असते, सुमारे पाव मिलिमीटरहूनही बारीक, आणि ती केसासारखी मोडू शकते म्हणून हळुवार हाताळावी लागते. बर आत घालण्याआधी आम्ही चार गोष्टी तपासतो. टोकाशी खाऱ्या पाण्याची धार टपकते आहे का, हे पहिले, कारण पाण्याशिवाय फिरलेला बर तापतो. बर ठरलेल्या वेगाने फिरतो का, हे दुसरे. मुठीवरची कळ पुढेमागे सरकवली की बरही सरकतो का, हे तिसरे. आणि फिरताना वायर ब्रेकमध्ये घट्ट धरलेली राहते का, हे चौथे. ब्रेक सुटला तर वायरही बरोबर गरगर फिरेल, आणि नसेच्या टोकाला ती काय करील याचा विचारसुद्धा नको. या चारही गोष्टी मी प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारतो. सकाळपासून ही तिसरी केस आहे म्हणून एकही गाळत नाही.

मग बर साठ्याच्या थोडा अलीकडे आणून सुरू करतात, साठ्यात रुतलेला असताना कधीच सुरू करत नाहीत. सुरू होताच डासाच्या गुणगुणण्यासारखा, पण फार उंच पट्टीतला आवाज येतो. माझे लक्ष त्या वेळी आकड्यांवर असते आणि कान आवाजावर. कॅल्शियमवर भार आला की आवाजाची पट्टी किंचित उतरते आणि पडद्यावरचा आकडा खाली येतो. वेग ५,००० फेऱ्यांहून अधिक पडला तर मी लगेच "ड्रॉप" म्हणतो आणि डॉक्टर बर मागे घेतात, कारण एवढा भार म्हणजे उष्णता आणि मोठे तुकडे. सेकंदही मीच मोजतो : पाच, दहा, पंधरा, बास. मग विश्रांती, रंगद्रव्याचे छोटे इंजेक्शन, ईसीजीकडे एक नजर. एकदा एका काकूंनी टेबलावरूनच विचारले होते, "बाबा रे, शिलाई मशीन चालवतोयस का?" त्यांना आवाज ऐकू येत होता, दुखत काही नव्हते. नसेच्या आतल्या अस्तराला स्पर्शाची वेदना जाणवत नाही. छातीत भरून आल्यासारखे वाटले तर मात्र रुग्णाने लगेच सांगायचे असते, सोसून गप्प राहायचे नसते, आणि ही गोष्ट आत जाण्याआधी घरच्या माणसाने समजावली तर ती अधिक लक्षात राहते.

बर बिनअडथळा, आवाज न बदलता पलीकडे जाऊ लागला की काम झाले. कमी वेगावर फिरवतच तो बाहेर काढतात. त्यानंतर पूर्ण मापाचा बलून फुगवून पाहतात, आणि तो सगळीकडे सारखा फुगला तरच स्टेंट. मध्येच कंबरेसारखी खाच राहिली तर कॅल्शियम अजून मोडलेले नाही. शेवटी पुन्हा आतून कॅमेरा.

धोके लपवण्यात अर्थ नाही. प्रवाह मंदावणे, भिंतीला चीर जाणे, नसेला भोक पडणे, बर अडकणे, मनगट किंवा जांघेत रक्त साकळणे हे सगळे होऊ शकते. त्यांतल्या बहुतेकांवर तेथेच उपाय होतात, पण रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेची सोय आहे का, आणि नसेल तर तातडीच्या वेळी कोठे हलवणार, हा प्रश्न आधी विचारून ठेवणे शहाणपणाचे.

पाय आणि मान यांचे वेगळे आहे

चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की बरे वाटते, किंवा मधुमेही माणसाच्या अंगठ्याची जखम भरतच नाही, तेव्हा दोष पायाच्या नसेत असू शकतो. तेथे एका बाजूला पाते असलेले डिरेक्शनल उपकरणही वापरतात. ते साठ्याची साल काढते आणि आपल्याच टोकाच्या पोकळ नळीत भरून घेते. नळी भरली की बाहेर काढून रिकामी करावी लागते. पायात तुकडे मोठे निघतात म्हणून पुढे छत्रीसारखी जाळी लावण्याची पद्धत आहे. हेच तत्त्व हृदयाच्या नसेसाठी जॉन सिम्प्सन यांनी आणले होते आणि १९९० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली होती, पण स्टेंट आल्यावर ते तेथे मागे पडले.

जांघेतली मुख्य नस मात्र उघडून साफ करणे हेच आजही अनेकदा चांगले ठरते, कारण तो सांधा रोज वाकतो आणि तेथे धातूचा स्टेंट टिकणे अवघड असते. उघडून साठा काढण्याची ही शस्त्रक्रिया, एंडआर्टरेक्टमी, १९४६ मध्ये लिस्बनच्या जुआंव सिद दुश सांतुश यांनी प्रथम केली. येथे फिरते यंत्र नसते. नसेला वर-खाली चिमटे लावून प्रवाह थांबवतात, पॉट्स कात्रीने ती उभी चिरतात, आणि बोथट कडेच्या, चपट्या चमच्यासारख्या डिसेक्टरने साठा आणि बाहेरचा थर यांच्यामधली फट शोधतात. ती फट सापडली की आंब्याची कोय गरापासून सुटावी तसा साठा सुटत जातो. लांबवर गेलेल्या साठ्यासाठी दांड्याला कडी असलेला स्ट्रिपर वापरतात. खालच्या टोकाला उरलेल्या अस्तराची कड सैल राहिली तर रक्ताच्या धारेने ती उचलली जाऊन नस बंद होते, म्हणून तिला केसाएवढ्या धाग्याचे टाके घालतात आणि वरून पॅच शिवतात. अशा एका शस्त्रक्रियेनंतर ट्रेमध्ये ठेवलेला साठा मी पाहिला आहे. पिवळट, नळीच्या आकाराचा, चिमट्याने दाबला तर शिंपल्यासारखा कट्कन आवाज करणारा. अनेक वर्षे पडद्यावर ज्याची सावली पाहिली होती ती वस्तू पहिल्यांदाच हातभर अंतरावरून दिसली.

मानेतल्या कॅरोटिड नसेवरही हीच शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेत मायकेल डीबेकी यांनी ती १९५३ मध्ये केली. तेथे मेंदूचा रक्तपुरवठा चालू राहावा म्हणून गरजेनुसार तात्पुरती शंट नळी घालतात. एका बाजूचे हातपाय काही मिनिटे लुळे पडून पुन्हा पूर्ववत झाले, वाचा गेली आणि परत आली, एका डोळ्यापुढे पडदा आला आणि गेला, तर "गेले ना आता" म्हणून घरी बसू नका. अशा रुग्णाच्या मानेतली नस ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल तर शस्त्रक्रियेचा लाभ सर्वाधिक असतो, आणि तो लक्षणांनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जास्त मिळतो. द्राक्षांची काढणी आटोपली की येतो, असे म्हणून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. या आजारात बाग वाट पाहू शकते, मेंदू नाही.

घरी परतल्यावर

मनगटातून झाले असेल तर त्या हाताने आठवडाभर जड उचलू नये. शेतकरी कुटुंबात हे नेमके सांगावे लागते : द्राक्षांचे क्रेट, फवारणीचा पंप, पाण्याचा हंडा, ट्रॅक्टरचे जड स्टिअरिंग, यांतले काहीही नको. जांघेतून झाले असेल तर जिने, उकिडवे बसणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय काही दिवस टाळावे, आणि पेठ किंवा सुरगाण्याकडे घाटरस्त्याने जाणार असाल तर वाटेत एकदा थांबून जागा पाहावी. सूज वाढत असेल, रक्त येत असेल तर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि जवळच्या रुग्णालयात जा. हात किंवा पाय थंड, पांढरा, बधिर वाटला, छातीत पुन्हा दुखले, लघवी कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सामान्यतः ६ ते १२ महिने चालतात, नेमकी मुदत डॉक्टर ठरवतात. दातांच्या डॉक्टरांनी, गावातल्या कोणी, मेडिकलवाल्याने थांबवायला सांगितले तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. स्टॅटिनची गोळी कोलेस्टेरॉल नॉर्मल आले म्हणून बंद करू नका. बरने झिजवली ती फक्त दोन-तीन सेंटिमीटरची एक जागा. बाकीच्या सगळ्या नसांच्या भिंती त्याच आहेत, आणि त्यांच्यासाठी गोळी, साखरेवर ताबा, तंबाखू बंद आणि चालणे हीच उपकरणे आहेत.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, चित्रफितीची सीडी आणि स्टिकर लावलेल्या पानाची प्रत मागून घ्या आणि तिन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल अशा जागी ठेवा. पुढे कधी रात्री अचानक निघावे लागले तर नव्या डॉक्टरांना कोणत्या नसेत किती मापाचा बर चालला आणि कोणता स्टेंट बसला हे त्या पिशवीतून दोन मिनिटांत कळते.